बिनतोंडाचं सरकार

बाळासो इतक्या हळू आवाजात बोलत होते की चहा घेऊन आलेली शिवांजली दारातच थबकली. कोल्हापुरात माणूस प्रेमानं बोलला तरी शेजारच्या गल्लीला भांडण वाटतं. पावण्याला रस्ता सांगायचा तर त्याच्यावर आधी ओरडायचं आणि मग त्याला थेट घराच्या दारापर्यंत नेऊन सोडायचं, ही इथली रीत. अशा गावात कुणी बशी ठेवतानासुद्धा आवाज होऊ देत नाही, तेव्हा समजावं की काहीतरी फार बिनसलंय.

बाळासो म्हणजे नानासाहेबांचा उजवा हात. आणि नानासाहेब म्हणजे एक साखर कारखाना, दोन शाळा आणि नदीपलीकडची झाडून सगळी गावं. त्यांच्या शब्दाबाहेर तिकडं पान हलत नव्हतं. दिवाळीनंतर नानासाहेबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि शब्द होता तो फक्त लोकांच्या मनात उरला, तोंडातून येईना. तरी सभा व्हायच्या. नानासाहेब खुर्चीवर बसून असायचे आणि भोंग्यावर त्यांची जुनी भाषणं लावली जायची.

हे सगळं शिवांजलीला ठाऊक होतं. साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. पण आपला रॅपचा अल्बम लिहिताना ते तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही, आणि हे आता कुणाला शपथेवर सांगितलं तरी पटणारं नव्हतं.

बाळासोंनी तिच्या वडिलांना, अप्पांना, तब्येत विचारली. बियाण्याच्या दुकानाचं विचारलं. यंदा यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानांचं कसं काय, तेही विचारलं. मग चहाचा शेवटचा घोट घेऊन म्हणाले, "नानासाहेबांचा घसा देवानं नेला, अप्पा. देवाम्होरं कुणाचं काय चालतंय? तुमचा अजून ठणठणीत हाय. जपा तेवढा."

जाताना दारात थांबून त्यांनी शिवांजलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि गाणं चांगलं झालंय बरं का, म्हणाले. हात गरम होता आणि जरा जास्तच वेळ राहिला. ते गल्लीच्या टोकाला वळले. अप्पा काही म्हणणार एवढ्यात आई, दानम्मा, आतून "सुम्न इर्री" म्हणाली. गप्प बसा. घाबरली की ती माहेरच्या कानडीवर येई.

अप्पा, म्हणजे भरमाप्पा पट्टणशेट्टी, हे कुस्तीचे निवेदक. इकडं जोतिबाच्या डोंगरापासून तिकडं पार सीमेपलीकडच्या गावांपर्यंत, मैदान कुठलंही असो, माईकवर अप्पा नसले तर लोकांना कुस्ती अळणी लागायची. पैलवान आखाड्यात उतरला की अप्पा त्याचं नाव लगेच घ्यायचे नाहीत. आधी छाती भरून लांब श्वास घ्यायचे. तो श्वास भोंग्यातून साऱ्या माळावर पसरायचा, हलगीवाला हात थांबवायचा, चणेफुटाणेवालाही गप्प व्हायचा. आणि मग गाव, वस्ताद आणि सगळ्यात शेवटी पैलवानाचं नाव. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. शिवांजली लहानपणी अप्पांच्या खुर्चीमागं बसून हे सगळं ऐकत मोठी झाली, म्हणून तर ती पुढं रॅप करायला लागली. तालात बोलून हजारो माणसं गप्प करता येतात, हे तिनं घरातच पाहिलं होतं.

अल्बमचं नाव होतं ‘बिनतोंडाचं सरकार’. काळ आजपासून साठ-सत्तर वर्षांनंतरचा. राज्य करणारा माणूस केव्हाच मेलाय, पण त्याचा आवाज यंत्रात भरून ठेवलाय आणि तोच कारभार बघतोय. पंचगंगेला काचेचं झाकण घातलंय. चौकाचौकात भोंगे आहेत. रोज सकाळी तो आवाज माणसांची नावं पुकारतो, अगदी मैदानात पुकारावीत तशी, गाव आणि वस्तादासकट. ज्याचं नाव आलं त्याचं पाणी त्या दिवसापासून बंद. त्याला शेजाऱ्यानं तांब्याभर पाणी दिलं, तर दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं नाव.

*नदीला कुलूप, चावी ढगात,*
*तोंड नाही ज्याला, तोच बोले जगात.*

या ओळी शिवांजलीच्या. खालचं संगीत तिचा मित्र सम्मेद याचं. सम्मेदच्या वडिलांचं राजारामपुरीत भांड्यांचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत या पठ्ठ्यानं भिंतींना वाकळा ठोकून स्टुडिओ केला होता. शेजारी कोचिंग क्लास. तिथला गुरुजी भौतिकशास्त्र शिकवायला लागला की यांचं रेकॉर्डिंग थांबायचं. हलगी उलटी वाजवून, कारखान्याचा भोंगा ताणून ताणून, तांब्याच्या हंड्यात माईक सोडून सम्मेदनं असे काही आवाज काढले होते की ते पहिल्यांदा ऐकताना शिवांजलीला खोलीचा दिवा लावावासा वाटला होता.

त्या मेलेल्या सरकारचा आवाज मात्र जमेना. सम्मेदचा पोरकट वाटायचा. शेवटी तिनं अप्पांना गळ घातली. अप्पा शर्टाला इस्त्री करून आले, वाकळांकडं बघून हसले, आणि लिहून दिलेलं सगळं एका दमात असं वाचलं की सम्मेद कानावरचे हेडफोन काढून त्यांच्या पाया पडला. हे कुणावर आहे, एवढंच अप्पांनी विचारलं. कुणावरच नाही, ती म्हणाली. आणि तुमचा आवाज आम्ही खाली उतरवणार, पार विहिरीतून आल्यासारखा करणार, तुम्हाला स्वतःलासुद्धा ओळखू यायचा नाही.

आवाज खाली उतरवला हे खरं. पण तो श्वास सम्मेदनं तसाच ठेवला. नाव घेण्याआधीचा लांब श्वास तालात इतका चपखल बसत होता की काढवेना. शिवांजलीलाही काढावासा वाटला नाही. बाहेरच्या कुणाला त्यातून काही कळलं नसतं. पण कोल्हापूरच्या तालमींत ज्यांची हयात गेली, त्यांना अप्पा घशावरून नव्हे, दमावरून ओळखू येतात, हे या दोघांना, त्यातल्या त्यात तिला, कळायला हवं होतं.

वर आणखी एक शहाणपण केलं. रॅप करणाऱ्या पोरांत पद्धत असते की संगीत काढून नुसता कोरा आवाज इंटरनेटवर फुकट ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या कुणाला त्यावर आपला ताल चढवता येतो. सम्मेदनं अप्पांचा आवाज तसा ठेवला, खाली न उतरवलेला, स्वच्छ, श्वासासकट. इचलकरंजीच्या पोरांनी त्यावर यंत्रमागाची खडखड चढवली, बेळगावच्या एकानं ढोल. शिवांजली आणि सम्मेद दोघंही खूष होती. आपलं काम पसरतंय, याहून कलाकाराला काय पाहिजे असतं!

मग एका तालमीत ते गाणं वाजलं. कुण्या म्हाताऱ्या वस्तादानं पहिला श्वास ऐकला आणि पुढचं ऐकायच्या आत सांगितलं, हा भरमाप्पा. आठवड्याच्या आत ती गोष्ट नदी ओलांडून गेली. मेलेला पुढारी, भोंग्यावर वाजणारा आवाज. म्हणजे कोण, हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. भरमाप्पानं नानासाहेबांना जिवंतपणी मारलं, असं लोक एकमेकांना हसून सांगू लागले आणि हसता हसता मागं वळून बघू लागले.

बाळासो येऊन गेल्यावर पहिल्यांदा चैत्रातलं एक मैदान गेलं. कमिटीवाल्यांनी फोनवर सांगितलं की यंदा जरा साधेपणानं करायचंय, निवेदक नको. मग दुसरं गेलं, मग तिसरं. ज्या गावांत अप्पांना उतरवून घ्यायला चार घरं भांडायची, तिथले लोक आता फोनच उचलेनात. दुकानासमोर एक मोटारसायकल उभी राहू लागली. तिच्यावरची दोन माणसं काही करायची नाहीत. पान खायची, अप्पांकडं बघून ओळखीचं हसायची, संध्याकाळी निघून जायची. एकदा त्यांनी बियाणं घेतलं आणि नमस्कार करून गेली. त्या दिवशी दानम्मा जेवली नाही.

शिवांजलीला भीती वाटत होती. तिनं अल्बमभर भीतीबद्दल लिहिलं होतं, यमकं जुळवून, चांगलं दणक्यात. खरी भीती तशी नव्हती. ती अप्पांच्या चपलांच्या आवाजात होती. दुकान बंद करून यायच्या वेळेला ते पाच मिनिटं उशिरा आले तरी हिचे कान दाराकडं लागायचे. नळाखाली भांडं धरलेलं असायचं आणि ते भरून वाहून चाललंय हेही कळायचं नाही. अप्पांचं काही बरंवाईट झालं तर ते आपण केलं, हा एकच विचार तिला सकाळपासून रात्रीपर्यंत कुरतडत होता.

तिनं अल्बम काढून टाकायचं ठरवलं. सम्मेदनं एका शब्दानंही विरोध केला नाही, कारण त्याच्या वडिलांच्या दुकानातही कुणीतरी येऊन हळू आवाजात एक कळशी विकत घेऊन गेलं होतं. त्यानं सगळं काढलं, कोरा आवाजही काढला. पण लोकांच्या फोनमध्ये जे गेलं ते गेलंच होतं. मग सम्मेदनं दुसरा मार्ग सुचवला. हल्ली संगणक कुणाचाही आवाज काढतो. तू एक व्हिडिओ कर आणि सांग की तो आवाज अप्पांचा नाहीच, आम्ही यंत्राकडून बनवून घेतला. अप्पा सुटतील.

ती अप्पांना विचारायला गेली. अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ऐकून घेतलं आणि आपल्या हाताकडं बघत म्हणाले,

"म्हंजे त्यो मी न्हवंच, असं सांगणार तू?"

"तुमच्यासाठीच की, अप्पा."

"सांग बाई. तसं तर तसं." मग म्हणाले, "पर बोललोतो चांगलं त्या दिवशी."

तिनं व्हिडिओ केला. कॅमेऱ्यात बघून, हात जोडून, खोटं बोलली. माझ्या वडिलांचा या गाण्याशी काही संबंध नाही, तो आवाज मशीननं तयार केलाय, आता मशीन कुणाच्याही तोंडून काहीही वदवू शकतं, कुणाचा गैरसमज झाला असेल तर माफी असावी. बोलताना तिला स्वतःचीच शिसारी आली, पण दुसऱ्या दिवशी दुकानासमोर मोटारसायकल नव्हती. दानम्मानं पोळ्या केल्या.

चार दिवसांनी बाळासोंचा फोन आला. तोच मऊ आवाज. नानासाहेबांनी पोरीचा व्हिडिओ बघितला, त्यांचं मन साफ झालं. त्यांच्या वाढदिवसाला कारखान्याच्या माळावर जंगी मैदान भरणार होतं. तिथं अप्पांचा सत्कार करायचा होता. गाडी पाठवतो, म्हणाले. नाही म्हणायची सोय त्या आवाजात कुठंच नव्हती.

सत्कार या शब्दाआड शिवांजलीला मारहाणच दिसली. माळ गावाबाहेर, माणसं त्यांची, गाडी त्यांची. गर्दीत एखादी ढकलाढकली झाली, कुणाचा धक्का लागला, म्हातारा माणूस पडला, असं सांगायला कितीसा वेळ लागतो? अप्पा मात्र फेटा बांधत होते. माईक देतील का न्हाई, एवढंच त्यांचं चाललं होतं.

"मी पण येतो," ती म्हणाली. अप्पांनी मान हलवली. दानम्मानं दोघांच्या कपाळाला विभूती लावली आणि दारातून गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलली नाही.

माळावर ऊन रणरणत होतं आणि माणूस मावत नव्हतं. गाडी थांबली तशी शिवांजली अप्पांच्या अंगाला चिकटून उतरली. तिची नजर हातांवर होती. कुणाचा हात खिशात आहे, कुणाचा पाठीमागं. पण हात आले ते हारासकट. बाळासोंनी स्वतः अप्पांना धरून स्टेजवर नेलं, नानासाहेबांपासून एक खुर्ची सोडून बसवलं, शाल घातली, फेट्यावर आणखी एक फेटा बांधला. नानासाहेबांनी हसून अप्पांचा हात दाबला. स्टेजवर बायकामाणसांना जागा नाही म्हणून शिवांजलीला खाली पहिल्या रांगेशेजारी उभं केलं. तिथून अप्पा दिसत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना त्याच मोटारसायकलवरची दोन माणसं बसली होती, पांढऱ्या कपड्यांत.

हलगी सुरू झाली. पहिली जोड आखाड्यात उतरली. अप्पांनी सवयीनं माईकसाठी हात पुढं केला. कुणी माईक दिला नाही.

आणि भोंग्यातून एक लांब श्वास आला.

हलगीवाल्यानं हात थांबवला. माळ गप्प झाला. मग गाव आलं, वस्तादाचं नाव आलं, शेवटी पैलवानाचं. अप्पांचाच आवाज, तीच फेक, तोच खर्ज. लोकांनी शिट्ट्या मारल्या. अप्पा स्टेजवर तोंड मिटून बसले होते, हात अजून पुढं होता.

शिवांजलीला क्षणभर काही समजलं नाही. मग स्टेजच्या कडेला लावलेल्या तंबूची कनात वाऱ्यानं हलली आणि तिनं आत पाहिलं. टेबलावर लॅपटॉप, शेजारी सम्मेदच्या खोलीत होतं तसलंच यंत्र, आणि हेडफोन घातलेला एक तरुण, छोट्या माईकमध्ये हळू आवाजात बोलणारा. तो बोलत होता आणि भोंग्यातून अप्पा बाहेर पडत होते. ही कारागिरी तिला कळत होती. यासाठी काय लागतं तेही माहीत होतं. एखाद्या माणसाचा स्वच्छ, कोरा आवाज लागतो, मागं कसला गोंगाट नसलेला. असा अप्पांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता आणि तो तिनं आणि सम्मेदनं स्वतःच्या हातानं वाटला होता.

तिनं शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचा हात धरला. "ते अप्पा न्हाईत. मशीन बोलतंय."

म्हातारा हसला. "तायडे, जल्मभर ऐकत आलोय मी त्यास्नी. असला दम दुसऱ्या कुणाला हाय व्हय?"

"तोंड बघा की त्यांचं. हलतंय का?"

म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून स्टेजकडं बघितलं. त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना, त्या उन्हात, हारांतून आणि दोन फेट्यांखालून काय दिसणार? एवढ्यात पैलवान भिडले आणि तो तिला विसरला. ती आणखी दोघातिघांना सांगत सुटली. एकानं तिला ओळखलं. त्या व्हिडिओतली पोरगी ना तू, म्हणाला, तेव्हाबी हेच सांगत हुतीस की, आणि तोंड फिरवलं.

बाळासो केव्हा शेजारी येऊन उभे राहिले ते तिला कळलं नाही. आखाड्याकडं बघतच ते बोलले.

"आमच्या डोक्यात न्हवतं हां हे. तूच म्हणालीस न्हवं, मशीन कुणाच्याबी तोंडनं काय बी वदवतंय? मग म्हटलं, बघू तरी." आवाज तसाच मऊ. "आता अप्पास्नी उन्हातान्हात यायला नको. बसू देत घरात निवांत. आवाज हाय आमच्याकडं."

आता तिला कळलं. आपण घाबरलो होतो ते मारहाणीला. अप्पांच्या अंगाला कुणी बोट लावणार नव्हतं. उद्यापासून हा आवाज गावोगाव फिरेल, मतं मागेल, माणसांना धमक्या देईल, कुणाकुणाची नावं पुकारेल, आणि अप्पा घरात बसून ते ऐकतील. हा मी नव्हे, असं त्यांनी कितीही ओरडून सांगितलं तरी कोण ऐकणार? तसं ओरडायला त्यांच्याकडं आवाज होता तो हाच.

शेवटची कुस्ती संपली. भोंग्यातून पुन्हा तो श्वास आला, या वेळी सगळ्यात लांब, आणि माळ पुन्हा गप्प झाला.

"मी भरमाप्पा पट्टणशेट्टी, मायबाप कोल्हापूरकरांम्होरं सांगतो. अंगात दम हाय तवर ह्यो आवाज नानासाहेबांचा. त्यांचा शब्द त्योच माजा शब्द."

माळावर टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उभे राहिले, फेटे उडाले. स्टेजवर नानासाहेब टाळ्या वाजवत होते. अप्पांच्या दोन्ही बाजूंची माणसंही टाळ्या वाजवत होती आणि दोघंही मान वळवून अप्पांकडं बघत होती. अप्पांनी एकदा याच्याकडं बघितलं, एकदा त्याच्याकडं. मग समोरच्या गर्दीत शिवांजलीला शोधलं. ती दिसली तशी त्यांनी नजर खाली घेतली आणि दोन्ही हात उचलून टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

बाळासो आता आखाड्याकडं बघत नव्हते, तिच्याकडं बघत होते. शिवांजलीनं ओढणी खांद्यावर सारखी केली, आणि तिनंही टाळ्या वाजवल्या.